दृढीकरणाच्या फॉर्मवर नसलेला प्रश्न : पास्टरेट कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब, खजिनदार आणि पास्टरेट कमिटीतले सगळे भाऊ-बहिणी, तुम्हा सगळ्यांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मी आधी मीटिंगमध्येच देणार होतो, दोनदा लिहिलं आणि दोनदा खिशातच राहिलं. मग वाटलं की हा विषय काही आपल्या एकट्या चर्चचा नाहीये, नगर घ्या, सोलापूर घ्या, जालना, पुणे, मुंबई, जिथे जिथे आपली मराठी मंडळी आहे तिथे थोड्याफार फरकाने हेच चालू आहे, म्हणून उघडच लिहितोय. कुठल्या चर्चचं नाव घेत नाही कारण कुणाला खाली बघायला लावायचं नाहीये. मी स्वतः चर्चचा कारभार बघणाऱ्या या कमिटीवर नऊ वर्षं होतो, त्यातली सहा वर्षं खजिनदार, तेव्हा जे काही बोलतोय ते बाहेरून दगड मारल्यासारखं समजू नका.

निमित्त झालं ते दृढीकरणाच्या क्लासच्या पत्रकाचं. दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. माझ्या अक्काची नात शिक्षणासाठी आमच्याकडे राहते, पंधरा वर्षांची आहे, तिने ते पत्रक आणून फ्रिजला चिकटवलं. बारा रविवारची हजेरी, घरची वर्गणी पूर्ण भरल्याची पावती, दोन फोटो, मुलींना पांढरी साडी आणि डोक्यावर नेट, मुलांना पांढरा शर्ट काळी पॅन्ट, आणि पाठांतर म्हणजे प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना. पोरगी हुशार आहे, तिने आठ दिवसांत सगळं पाठ केलं. एका संध्याकाळी ती मटार सोलत बसली होती आणि सोलता सोलता विश्वासांगीकार म्हणून दाखवत होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही, "पंतय पिलाताच्या वेळेस" सुद्धा अडखळली नाही. मी म्हटलं छान, आता एक सांग, येशूने तुझ्यासाठी काय केलं? ती थांबली. हातातली शेंग तशीच. मग म्हणाली, "आजोबा, हा प्रश्न नोट्समध्ये नाहीये, परीक्षेत येणार आहे का?"

तिने हे अगदी सरळ मनाने विचारलं, उद्धटपणा कुठेच नव्हता, आणि म्हणूनच मला रात्रभर झोप लागली नाही. कारण ती पास होणार आहे हे मला माहितीये. तिचा फॉर्म पूर्ण आहे, पावती जोडलीये, साडी शिवायला टाकलीये म्हणजे ब्लाऊज, आणि त्या रविवारी बिशपसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवतील, केक कापला जाईल, फोटो निघतील, पुढच्या रविवारपासून ती प्रभुभोजनाला पुढे जाईल, आणि येशूने माझ्यासाठी काय केलं हा प्रश्न तिला अख्ख्या प्रवासात एकाही मोठ्या माणसाने विचारलेला नसेल.

मला हे इतकं का टोचतं ते सांगायचं तर माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. अक्काची परवानगी घेतलीये, ती म्हणाली लिही भाऊ, लपवायचं काय त्यात.

माझं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, पणजोबांनी दुष्काळाच्या दिवसांत बाप्तिस्मा घेतला, गावाने त्यांना भाकरीसाठी बाटलेला म्हटलं आणि ते तरीही मरेपर्यंत टिकले. मला यातलं काहीच करावं लागलं नाही. लहानपणी बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दृढीकरण, संडेस्कूल टीचर, तरुण संघाचा सेक्रेटरी, क्वायरमध्ये टेनर, मग कमिटी. दशांश दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाकिटात. उपास काळात चाळीस दिवस मटण बंद. आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना झाली नाही असा दिवस नसेल.

आणि याच काळात, वडील गेल्यावर, मी अक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. अडीच एकर विहीर बागायत होती. अक्का तेव्हा विधवा झालेली, दोन पोरं शाळेत. मी तिला सांगितलं की सातबाऱ्यावर एकच नाव असलं की कर्ज लवकर मिळतं, नंतर तुझं तुला देतो, आणि ती रजिस्ट्री ऑफिसात माझ्या शब्दावर अंगठ्याचा ठसा आणि सही दोन्ही देऊन आली. नंतर मी दिलं नाही. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. ही सही शुक्रवारी झाली आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मी दानार्पणाची थैली फिरवत होतो, पांढरा सदरा घालून, आणि मला काहीही वाटलं नाही. लोकांना वाटतं ढोंगी माणसाला आतून कळत असतं की आपण ढोंग करतोय. मला कळत नव्हतं. मी स्वतःला चांगला ख्रिस्ती समजत होतो, अगदी मनापासून, कारण चांगल्या ख्रिस्ती माणसाची जी यादी मला लहानपणापासून दिली होती त्यातलं सगळं मी करत होतो आणि त्या यादीत अक्काची जमीन कुठेच नव्हती.

2014 च्या गुड फ्रायडेला पाळकसाहेबांनी मला येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी दुसरा उद्गार बोलायला दिला. तुम्हाला माहितीये, बारा ते तीनची भक्ती, सात वक्ते, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. दुसरा म्हणजे वधस्तंभावरचा चोर, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." मी त्याच्यावर आधीही एकदा बोललो होतो, जुनी वही काढली, बुधवारी रात्री डायनिंग टेबलावर बसून फेअर करत होतो. तेवढ्यात गावाहून अक्काचा फोन. म्हणाली, "भाऊ, ह्या टायमाला तू बोलणारेस म्हणे, मी एसटीने येते ऐकायला, तू बोललास की मला बरं वाटतं."

फोन ठेवला आणि वहीकडे बघितलं. वहीत मी काय लिहिलं होतं, तर चोराकडे काय नव्हतं याची यादी. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो कुठल्या मंडळीचा मेंबर नव्हता. त्याने एक पैसा दान दिला नव्हता, एक उपास केला नव्हता, आता करायला वेळही नव्हता, हातपाय खिळलेले होते. त्याने फक्त दोनच गोष्टी केल्या, आम्ही आमच्या कर्माचं फळ भोगतोय हे उघड कबूल केलं, आणि येशूकडे वळून माझी आठवण कर म्हटलं. त्या रात्री पहिल्यांदा मला दिसलं की त्याच्याकडे जे काही नव्हतं ते सगळं माझ्याकडे आहे, आणि त्याच्याकडे जे होतं ते मात्र माझ्याकडे नाही. मी आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं. उपासनेच्या पुस्तकातली पापकबुली दर रविवारी सगळ्यांबरोबर वाचली होती, हजारभर वेळा तरी वाचली असेल, पण "मी" असं म्हणून, अक्काचं नाव घेऊन, कधीच नाही. पहाटेपर्यंत मी तिथेच होतो. शेवटी तोंडातून एकच वाक्य निघालं, लूकच्या अठराव्या अध्यायात तो जकातदार दूर उभा राहून ऊर बडवत म्हणतो ते, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." आणि त्याने केली. हे मी शब्दांत पुरतं सांगू शकत नाही पण त्याने केली, मी टेबलावरून उठलो तो वेगळा माणूस होतो.

शुक्रवारी मी बोललो नाही. पाळकसाहेबांना फोन करून दुसरा माणूस बघा म्हटलं, आणि मागच्या बाकावर अक्काशेजारी बसलो. जमिनीचं बक्षीसपत्र पुढच्या जूनमध्ये झालं, फेरफार निघाला, आज सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. पण इथे गैरसमज नको. जमीन परत दिली म्हणून माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं असं नाहीये, तसं म्हटलं तर मी परत तीच यादी लांबवली, एक कलम वाढवून. तारण झालं म्हणून जमीन हातातून सुटली. लूकमधल्या त्या श्रीमंत जकातदार जक्कयाचं बघा, येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघतो, झाडावरून खाली ये म्हणतो, चौपट परत देण्याची गोष्ट जक्कय त्यानंतर बोलतो, कुणी न मागता. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आपल्या मुलांना हा क्रम उलटाच शिकवतोय.

कुणी म्हणेल ही तुझी एकट्याची गोष्ट आहे, तू लबाड होतास म्हणून. ठीक आहे, माझं सोडा. पंडिता रमाबाईंचं घ्या. ज्यांचा फोटो आपल्या हॉलमध्ये लावलाय आणि ज्यांच्या नावाने आपलं महिला मंडळ कार्यक्रम करतं त्या रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 ला झाला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी जीव टाकला, समाजाची बोलणी खाल्ली. यात ढोंग कुठे दिसतंय का? कुठेच नाही. यापेक्षा चांगलं ख्रिस्ती आयुष्य आपल्यापैकी कोण जगलंय. आणि तरी त्या स्वतःच पुढे साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळालेला होता पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो स्वतः मिळालेला नव्हता. हे वाक्य बोलायला केवढं धैर्य लागलं असेल याचा विचार करा, जगभर नाव झालेलं, विरोधक टपून बसलेले, आणि ही बाई म्हणते की मी इतकी वर्षं धर्मात होते पण ख्रिस्तात नव्हते.

आणि त्यांना हलवलं कशाने, तर विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाच्या आत्मकथनाने. हा माणूस अँग्लिकन पाळक होता, रीतसर दीक्षित, स्वतःचं चर्च उभं केलेला, विधी आणि वस्त्रं यात अतिशय काटेकोर. 1851 साली कॉर्नवॉलमध्ये बाल्ढू इथल्या आपल्याच चर्चमध्ये तो मत्तयातल्या बाविसाव्या अध्यायातल्या प्रश्नावर उपदेश करत होता, येशू परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, विचारतो तो प्रश्न, "ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटते?" आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की ज्या परूश्यांबद्दल मी बोलतोय त्यांच्यात आणि माझ्यात फरकच नाही. तिथे पुलपिटवर त्याचं हृदय बदललं, त्याच्या चेहऱ्यावर आणि आवाजात ते लोकांना दिसलं, आणि समोर बसलेला एक साधा उपदेशक उभा राहून ओरडला की पाळकसाहेबांचं तारण झालं! रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला की हा तर आधीच ख्रिस्ती, वर पाळक, मग याचं तारण व्हायचं कसं काय राहिलं होतं, आणि तोच प्रश्न फिरून त्यांच्याकडे आला.

मला तो प्रसंग फार जवळचा वाटतो. मंडळीने पाळकाचं तारण झालं म्हणून आनंदाने ओरडणं. आपल्याकडे हे कुणी म्हणालं असतं तर त्याला कारणे दाखवा नोटीस गेली असती. आपण ना. वा. टिळकांची गीतं उभं राहून गातो, पण टिळकांनीच 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही येशूचे शिष्य धरले होते, ही गोष्ट आपल्या संडेस्कूलमध्ये मी तरी कधी ऐकली नाही. बाप्तिस्मा नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण रजिस्टरमधलं नाव आणि जीवनाच्या पुस्तकातलं नाव या दोन वेगळ्या वह्या आहेत हे टिळकांना स्पष्ट दिसत होतं.

आता आपल्याकडचं एक दृश्य. मागच्या वर्षीचा हार्वेस्ट फेस्टिव्हल. वेदीसमोर ऊस, बाजरी, भोपळे, केक, गावठी कोंबडे. लिलाव सुरू झाला आणि एका लाल भोपळ्यावरून दोन घरांत चढाओढ लागली, दोन्ही कमिटीतली घरं, भोपळा गेला अकरा हजाराला, टाळ्या झाल्या, माईकवरून नाव दोनदा घेतलं. त्याच टेबलाच्या कडेला स्टीलच्या डब्यात चार अंडी होती. ती आणली होती चर्चच्या मागच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने, जिचं नाव आपल्या मतदार यादीतून वर्गणी थकली म्हणून काढलंय, आणि जी तरीही दर रविवारी दहा मिनिटं आधी येऊन बसते. तिच्या अंड्यांचा पुकारा झाला तेव्हा लोक जेवणाच्या लायनीत लागले होते, कुणीतरी पन्नास रुपये म्हटलं आणि विषय संपला. मी त्या बाईशी नंतर बोललो. लिलावाचं तिला काहीच नव्हतं, ती म्हणाली, "माझ्या येशूनं मला दारूच्या धंद्यातनं काढलं बाबा, मी त्याला काय द्यावं, कोंबडीनं दिली ती आणली." माझ्या अक्काच्या नातीला न आलेल्या प्रश्नाचं उत्तर या बाईकडे तोंडावर तयार होतं, आणि आपल्या नियमाप्रमाणे ती मेंबर नाही.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर लगेच म्हणाल की हा फेलोशिपवाल्यांच्या नादी लागला. तिकडेही मी दोन वर्षं जाऊन बघितलंय. तिथे दागिने काढून ठेवले की तारण झालं, हात वर करून हालेलुया म्हटलं की आत्मा आला, टीव्ही विकला की पवित्र झाला, आणि जुन्या चर्चमधले सगळे नरकात. ही यादी नवीन आहे पण यादीच आहे. प्रभूने परूश्यांना पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशांशावरून सुनावलं तेव्हा दशांश देऊ नका असं तो म्हणाला नाही, न्याय, दया आणि विश्वास सोडून ते करताय म्हणून सुनावलं. पेला बाहेरून घासायचा आणि आत तसाच ठेवायचा, हे पाइप ऑर्गनवाल्या चर्चमध्येही होतं आणि की-बोर्ड-ड्रमवाल्या हॉलमध्येही होतं. मला आपलीच मंडळी प्रिय आहे. उपासना संगीतातली गीतं, कॅरोलच्या रात्री, मयतीला अख्खी वस्ती गोळा होणं, यातलं काही सोडायचं नाहीये मला. पण हे सगळं ज्याच्यासाठी आहे तो जर त्यात भेटत नसेल तर आपण मुलांना नेमकं काय देतोय?

कारण मत्तय सातमधलं ते वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. "प्रभुजी, प्रभुजी" म्हणणारे लोक दारात उभे आहेत. चर्चला कधी न गेलेले लोक नाहीत ते, त्याच्या नावाने बोललेले, काम केलेले आहेत, म्हणजे आपल्यासारखेच. आणि तो म्हणतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. तुमची हजेरी कमी पडली असं म्हणत नाही. ओळख नव्हती म्हणतो. मी नऊ वर्षं कमिटीवर बसलो, हिशेबात एक रुपयाची चूक कधी निघाली नाही, आणि 2014 च्या आधी मेलो असतो तर हे वाक्य मला ऐकावं लागलं असतं. माझ्या मयतीला मात्र तुम्ही सगळ्यांनी सांगितलं असतं की प्रभूचा विश्वासू सेवक प्रभूजवळ गेला.

म्हणून माझ्या विनंत्या. दृढीकरणाच्या फॉर्मवर वर्गणीच्या पावतीची अट काढा, निदान मुलांच्या फॉर्मवरून तरी, बापाच्या थकबाकीचा आणि पोराच्या विश्वासाचा संबंध काय. पाठांतर ठेवा, चांगलं आहे, म्हातारपणी तेच आठवतं, पण क्लासच्या बारा रविवारांपैकी निदान तीन रविवार पाळकसाहेबांनी एकेका मुलाला वेगळं घेऊन बसावं, वही बाजूला ठेवून, आणि तो हॅस्लमचा प्रश्न विचारावा, ख्रिस्ताविषयी तुला काय वाटतं. आणि ज्या पोराला उत्तर देता येत नाही त्याला नापास करू नका हो, त्याला थांबवा, प्रेमाने सांगा की घाई नाही, पुढच्या वर्षी ये, तोपर्यंत आपण बोलत राहू. घरचे चिडतील, साडी आणली, पाहुणे बोलावले म्हणतील. चिडू द्यात. आणि ते विचारण्याआधी एक मीटिंग अशी घ्या की ज्यात अजेंडा नाही, मिनिट्स नाहीत, फक्त आपण कमिटीवाल्यांनी एकमेकांना तोच प्रश्न विचारायचा. मी माजी आहे पण बोलावलंत तर येईन आणि पहिला बोलेन.

त्या म्हाताऱ्या बाईची थकलेली वर्गणी मी परवा भरलीये, पावती सेक्रेटरीसाहेबांकडे आहे, तिचं नाव यादीत परत घ्यावं. तिला हे सांगायची गरज नाही.

अक्काची नात सध्या रोज संध्याकाळी माझ्याबरोबर लूकचं शुभवर्तमान वाचते, आम्ही पंधराव्या अध्यायापर्यंत आलोय. काल तिने विचारलं की उधळ्या मुलाच्या दृष्टांतात तो धाकटा मुलगा घरी परतताना माफीचं जे वाक्य वाटेत पाठ करत आला ते सगळं बापाने बोलूच का दिलं नाही. मी उत्तर दिलेलं नाही, तिला शोधू देत. पाळकसाहेब, तिचा फॉर्म मी या वर्षीपुरता परत मागतोय. ती स्वतः येऊन द्यायची तेव्हा देईल.

प्रभूमध्ये तुमचा भाऊ,
मंडळीचा एक माजी खजिनदार